झांबरे सरांचं इंजिन

सुधाकर झांबरे उभ्यानं टाईप करायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेलं एक उंच टेबल त्यांनी हातगाडीवर घालून आमच्या संगणक केंद्रात आणलं, खिडकीशी लावलं आणि त्यावर घरचं स्वतःचं मशीन मांडलं. बसलं की कंबर धरते, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी मंगलावहिनी म्हणायच्या, कंबर चांगली ठणठणीत आहे, बसून ओरडता येत नाही म्हणून उभे राहतात. वहिनींचंच खरं असावं. काम करताना झांबरे मशीनशी सारखे बोलत आणि ते बोलणं खाली रस्त्यावर ऐकू जाई. "तुले काय सांगितलं अन् तू काय करून राहिला?" खालचा पानवाला सुरुवातीला वर येऊन विचारून गेला होता, भांडण कोणाचं आहे म्हणून.

झांबरे कॉलेजात गणित शिकवत. सकाळचे तास आटोपून, घरी जेवून, दुपारी आमच्याकडे येत. त्याआधी कधीच नाही. आले की आधी खिडकी उघडत, मग चपला टेबलाखाली सारत आणि लिस्पचे कंस मोजायला लागत. लिस्प ही संगणकाची एक जुनी भाषा, आणि ती म्हणजे कंसांचं रान. एक उघडला की त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. शेवटी सगळे बंद करताना झांबरे बोटाच्या पेरानं टेबलावर ठोके देत. ठोका चुकला तर स्वतःलाच शिवी. आमचे टायपिस्ट पाठीमागे त्यांची नक्कल करत आणि झांबऱ्यांना ती ठाऊक होती. एकदा वळून म्हणाले, "ठोका बरोबर दे रे, एक कमी दिलास."

झांबरे गेले, त्याला काही वर्षं झाली. मीही आता फार लांबचं बोलू नये अशा वयात आहे. आमच्या केंद्राची एक माहितीपुस्तिका आहे, ती नव्या विद्यार्थ्यांना दरवर्षी देतात. तिच्यात झांबऱ्यांबद्दल एकच वाक्य आहे: 'प्रा. झांबरे यांनी केंद्राचा एडिटर नव्या इंजिनावर उभारण्याचा प्रयोग केला. परंतु वेग अपुरा ठरल्याने तो सोडून द्यावा लागला.' हे वाक्य मी लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. वेग अपुरा नव्हता. हे मी बरीच वर्षं जाणून आहे, आणि झांबऱ्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आधी तो एडिटर काय होता ते सांगतो. एडिटर म्हणजे संगणकावर लिहिण्याचा प्रोग्राम. आमच्याकडे होता तो जुना, फुकट मिळणारा, दिसायला रूक्ष. पण वापरणाऱ्याला तो आतून बदलता येई. आपल्या कामापुरता चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, तो एडिटरला जोडायचा, की एडिटर ते काम शिकला. अशा प्रोग्रामांना आम्ही 'जोड' म्हणायचो. आमच्या बुऱ्हाणपुरात लोकांनी वर्षानुवर्षं आपापले जोड लिहून घेतले होते. प्रश्नपत्रिकांना मराठी-हिंदीत आपोआप क्रमांक घालणारा एक, केळीच्या लिलावाचे भाव रकान्यात मांडणारा एक, कॉलेजच्या ग्रंथालयाचा एक. इक्बालभाई म्हणून पॉवरलूमवरचे डिझाइनर होते. साडीच्या काठाची नक्षी ते फुल्या आणि ठिपक्यांच्या ओळींत टाईप करायचे, आणि त्यांचा जोड ती ओळ आरशात धरल्यासारखी उलटी करून द्यायचा, दुसऱ्या काठासाठी.

हे सगळे जोड लिस्पमध्ये होते आणि ते चालवणारं इंजिन एडिटरच्या पोटात. ते म्हातारं झालं होतं. मोठी फाइल उघडली की कर्सर थिजे, आणि एक काम चालू असताना दुसरं करता येत नसे. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना इंदूरच्या विक्रेत्याचं तयार पॅकेज घ्यायचं होतं. पॅकेज आलं असतं तर एडिटर गेला असता आणि त्याच्याबरोबर सगळ्यांचे सगळे जोड. झांबऱ्यांना हे कळलं तेव्हा ते संस्थेच्या सभेत उठून म्हणाले, एडिटर ठेवा, मी त्याचं इंजिन बदलतो. दूर देशातल्या काही लोकांनी लिस्पचं एक नवं, दमदार इंजिन बनवलं होतं. जुना एडिटर उचलून त्याच्यावर बसवायचा, आणि कोणाच्याही जोडाला हात न लावता. अध्यक्षांनी मुदत दिली. तेवढ्यात जमलं तर एडिटर राहील, नाही तर पॅकेज.

बाहेर आल्यावर मी विचारलं, जमेल का. झांबरे म्हणाले, "खंडव्यापासून भुसावळपर्यंत दुसरं कोणी असेल तर सांगा, मी त्याच्या हाताखाली करतो." नम्रपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. त्यांना नवं इंजिन खरोखर समजत होतं, त्यामुळे गर्व सहन करावा लागे.

नवं इंजिन पहिल्यांदा धड चालू लागलं, तेव्हाचा किस्सा कॉलेजात बरीच वर्षं सांगितला जाई. ग्रंथालयाचा जोड त्यावर चढवला आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकं परत करण्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्या ज्यांच्याकडे पुस्तकं होती त्यांना गेल्याच, पण ज्यांच्याकडे एकही नव्हतं त्यांनाही गेल्या. प्राचार्यांनी त्या ग्रंथालयातून उभ्या आयुष्यात पुस्तक नेलं नव्हतं. त्यांनाही चिठ्ठी. त्यांनी ग्रंथपालाला बोलावून विचारलं, मी कोणतं पुस्तक नेलंय ते तरी सांगा.

भानगड अशी होती की जुन्या लिस्पमध्ये 'नाही' हे उत्तर आणि 'रिकामी यादी' या दोन्ही गोष्टी एकच समजल्या जात. जोड विचारी, यांच्याकडे पुस्तकं आहेत का? समोर रिकामी यादी येई आणि जोड समजे, नाहीत. नवं इंजिन चोख. त्याच्या लेखी रिकामी असली तरी यादी ती यादीच, म्हणजे काहीतरी आहे. म्हणून चिठ्ठी.

झांबरे या फरकानं कितीतरी दिवस हैराण होते. राजपुऱ्यात त्यांच्या घरी मी बसलो असताना त्यांनी वहिनींना हाक मारली. "मी बाजारातून पिशवी रिकामी आणली, आणि मी पिशवी नेलीच नाही, तुझ्या दृष्टीनं फरक काय?" असं विचारलं. वहिनी कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "मला काय फरक? भाजी दोन्ही वेळेला नाहीच ना. अन् तुम्ही तर दोन्ही करता."

झांबरे खुशीत आले. "पाहिलं वैद्यभाऊ? हे जुनं लिस्प. घरातलं लिस्प. नवं आहे ते दुकानदाराचं. त्याला पहिले पिशवी आणली का ते पाहिजे, भाजीचं मागून." मग त्यांनी नव्या इंजिनात अशी एक तिसरी वस्तू घडवली, की जुन्या जोडांना ती 'नाही'सुद्धा वाटावी आणि रिकामी यादीसुद्धा, आणि नव्या प्रोग्रामांनाही तिच्यामुळे अडचण होऊ नये. मी ते वाचलं तेव्हा मनात म्हटलं, हे मला सुचलं नसतं. तोंडानं म्हटलं, चला, प्राचार्य सुटले.

इक्बालभाईंच्या जोडावर आमचं खरं भांडण झालं. नव्या इंजिनावर त्यांची नक्षी उलटी केली की मधल्या सांध्यात एक धागा सरके. झांबऱ्यांनी शोधून काढलं की चूक नव्या इंजिनाची नव्हतीच. चूक जुन्या इंजिनात होती. ओळ उलटताना ते शेवटची खूण गिळून टाकी. इक्बालभाईंना हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक फुली जास्त टाकली की काठ जुळतो. त्यांची आजवरची सगळी डिझाइनं तशीच टाईप केलेली होती.

मी म्हटलं, त्यांना सांगू, जास्तीची फुली काढा, प्रश्न मिटला. झांबरे माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी कोणाच्या घरात शिरून चूल हलवायला सांगितली.

"त्या चुकीच्या भरोशावर त्या माणसानं सगळे काठ केले. ती आता त्याची चूक आहे. ती काढायचा हक्क तुम्हाले नाही अन् मलेही नाही."

आणि त्यांनी ती जुनी चूक शोधून, अभ्यासून, नव्या इंजिनात मुद्दाम पुन्हा बसवली. जुन्या जोडांनी मागितली तरच मिळेल अशी. त्यात बरेच आठवडे गेले. इक्बालभाई मावा जलेबीचा पुडा घेऊन आले आणि विचारलं, सर, आखिर किया क्या आपने? झांबरे तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "कुछ नहीं इक्बालभाई. जैसा बिगड़ा हुआ था, वैसा वापस बिगाड़ दिया."

एवढं सगळं करणारा माणूस त्याबद्दल कागदावर मात्र एक ओळ लिहीत नसे. काय केलं, कसं केलं, हे अध्यक्षांना समजेल असं सांगा म्हटलं की म्हणत, कोड वाचा ना. अध्यक्ष कापडाचे व्यापारी. ते कोड कुठून वाचणार? झांबऱ्यांना लोकांची नावं लक्षात राहत नसत, त्यांचे जोड राहत. लिलावाच्या कारकुनाला ते रस्त्यात 'काय रकानेवाले' म्हणून हाक मारत. काम कुठवर आलं असं विचारलं की 'होते आहे' किंवा 'झालं' असं काही न म्हणता भिंतीकडे बघत उभे राहत. अशा माणसाची बाजू दुसऱ्या कोणीतरी मांडावी लागते. ते माझं काम होतं. केंद्राचा प्रमुख मी होतो.

ती जोडणीची वर्षं होती. रोजच्या वापरातला एडिटर माझ्या ताब्यात होता आणि झांबऱ्यांचं इंजिन बाजूला वाढत होतं. दोन्ही एकत्र आणायचे तर माझ्या एडिटरमधला प्रत्येक बदल त्यांना आपल्या बाजूला बसवून घ्यावा लागे. आणि मी बदल करत राहिलो. कधी नवा मेनू, कधी नवा फाँट, कधी नुसतीच मांडणी. ते माझ्यापर्यंत येऊन पोचत, तोवर मी चार पावलं पुढे. त्यातले थोडे बदल गरजेचे होते. बाकीचे मी का केले, याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. एडिटर माझा म्हणून ओळखला जाई आणि तो झांबऱ्यांचा होणार होता.

एकदा ते शांतपणे म्हणाले, "वैद्यभाऊ, तुम्ही वरच्या मजल्याले रोज नवा रंग देऊन राहिले, अन् मी खाली पाया बदलून राहिलो. थोडे दिवस ब्रश खाली ठेवा ना यार." मी हसलो आणि चहा मागवला.

तरी ते पोचले. मुदत संपायच्या आधी इंजिन एडिटरमध्ये बसलं आणि सगळे जोड, एकाही अक्षराचा बदल न करता, त्यावर चालले. ते आम्ही केंद्राच्या सगळ्या मशिनींवर चढवलं. आता फक्त काही दिवस वापरून पाहायचं आणि अध्यक्षांसमोर दाखवायचं उरलं होतं.

नव्या इंजिनाची एक रीत होती. एडिटर पहिल्यांदा उघडला की ते सगळ्या लिस्पचं स्वतःच्या लघुलिपीत भाषांतर करून घेई आणि ते भाषांतर जपून ठेवी. त्याला वेळ लागे. पण ते एकदाच. पुढच्या वेळी तयार भाषांतर वाचून एडिटर क्षणात उघडे. झांबऱ्यांनी हे सर्वांना सांगितलं होतं. पहिल्या दिवशी वाट पाहा, मग बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायपिस्ट म्हणाले, सर, आजही तेवढाच वेळ लागला. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी मशीन चालू करायचं, एडिटरवर बोट ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. झांबरे दुपारी येत तेव्हा सगळीकडे एडिटर भराभर उघडत असे. ते म्हणत, कुठे उशीर होते? त्यांच्या टेबलावरच्या मशीनवर तर कधीच होत नव्हता. त्यांनी ठरवलं की लोकांना तक्रार करायची सवय आहे. लोकांनी ठरवलं की झांबरे आपली चूक कबूल करणार नाहीत.

अध्यक्ष सकाळी दहाला आले. झांबऱ्यांनी त्या दिवशी कॉलेजातून सुट्टी घेतली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. केंद्रात ते सकाळचे कधी नव्हे ते आलेले. अध्यक्षांनी केंद्राचंच एक मशीन निवडलं, एडिटर उघडायला सांगितला आणि पडदा कोराच राहिला. झांबरे टेबलावर ठोके देऊ लागले. अध्यक्षांचा चहा झाला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळू विचारलं, वैद्य, हे रोज असंच का? मी म्हटलं, रोज सकाळी असंच. त्यात खोटं काही नव्हतं.

झांबरे म्हणाले, माझ्या मशीनवर चुटकीत उघडते, इकडे या. अध्यक्ष म्हणाले, संस्थेचं काम तुमच्या घरच्या मशीनवर चालवायचं का? आणि झांबऱ्यांचा तोल गेला.

"मग यांच्या मशिनीच नालायक आहेत. यांना मशिनी ठेवता येत नाहीत, त्याले मी काय करू?"

सगळे टायपिस्ट उभे होते. कोणीतरी हसलं. माझी कानशिलं तापली. अध्यक्षांनी पॅकेजची ऑर्डर द्यायला सांगितली, आणि पुढे माहितीपुस्तिकेत गेलेलं ते वाक्य मी त्याच दुपारी अहवालात, एका बैठकीत, खाडाखोड न करता लिहिलं.

पॅकेजला जागा फार लागणार होती, म्हणून मशिनींच्या डिस्क मोठ्या केल्या. ते करताना माझ्या हाती माझाच एक जुना, विसरलेला प्रोग्राम लागला. डिस्क लहान होत्या त्या काळात मी तो लिहिला होता. संध्याकाळी मशीन बंद होताना तो मशीननं स्वतः तयार केलेल्या सगळ्या फायली झाडून टाकायचा, जागा व्हावी म्हणून. मी त्याचं नाव 'झाडू' ठेवलं होतं. आता जागा भरपूर होती. मी झाडू काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका टायपिस्ट मुलीनं एडिटरवर बोट ठेवलं आणि तो उघडला. ती म्हणाली, "सर, आज काय झालं याला?"

मला उभ्या उभ्या सगळं कळलं. रोज संध्याकाळी माझा झाडू झांबऱ्यांच्या इंजिनाचं भाषांतर पुसत होता आणि रोज सकाळी ते बिचारं पहिल्यापासून सुरुवात करत होतं. झांबऱ्यांचं मशीन घरचं, त्याच्यावर झाडू नव्हता. मशिनी ठेवता येत नाहीत, असं ते रागाच्या भरात बोलले होते. ते अक्षरशः खरं होतं.

त्या दुपारी झांबरे आले. माझ्याशी बोलत नव्हते. मी ठरवलं, राग निवळला की सांगू. मग पॅकेज आलं. मग ते बसवायला माणसं आली, एडिटर मशिनींवरून काढला गेला. झांबऱ्यांनी हातगाडी आणून आपलं टेबल नेलं. रोज सांगणं थोडं थोडं अवघड होत गेलं. सांगायचं तर अहवाल मागे घ्यायचा, अध्यक्षांसमोर जायचं, आणि ज्या माणसानं मला सगळ्यांसमोर नालायक म्हटलं तो बरोबर होता हे सगळ्यांसमोर म्हणायचं.

एका रविवारी सकाळी ते स्वतःच माझ्या घरी आले. दाढी वाढलेली. बसा म्हटलं तरी दारातच थांबले. म्हणाले, मी सगळं तपासलं. भाषांतर तयार असूनही इंजिनाला ते शिळं वाटत असेल असं समजून तो सगळा भाग पुन्हा लिहिला, तिथे काही सापडत नाही. मग माझ्याकडे सरळ पाहून विचारलं.

"वैद्यभाऊ, एक सांगा. संध्याकाळी मशिनी बंद होताना कोणी फायली पुसते का? एखादा जुना प्रोग्राम वगैरे?"

"नाही," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं. मी स्वतः पाहिलंय."

त्यांनी मान हलवली. "मग माझंच चुकते कुठेतरी."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग ते आत आले, बसले, चहा घेतला. जाताना म्हणाले, त्या दिवशी मशिनीबद्दल बोललो ते मनावर घेऊ नका, उगाच बोललो. मी म्हटलं, छे, मी कधीच विसरलो.

इक्बालभाईंची डिझाइनं पॅकेजमध्ये उघडेनात. काही दिवस ते झांबऱ्यांच्या घरी जाऊन काम करत. पुढे झांबरे निवृत्त झाले आणि देडतलाईजवळ त्यांची थोडी शेती होती तिकडे राहायला गेले. इक्बालभाईंनी नक्षी पुन्हा हातानं, चौकटीच्या कागदावर काढायला सुरुवात केली. भेटले की विचारत, सर कैसे हैं? मी म्हणे, ठीक हैं.

गेल्या महिन्यात मी मंगलावहिनींकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही आला होतात ना भाऊजी देडतलाईला? तेव्हा का नाही सांगितलं?"

गेलो होतो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. झांबरे वाळले होते, पण मला पाहून आवाज तोच. वहिनी कपाशीच्या रानात मजुरांपाशी गेलेल्या. झांबऱ्यांनी मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, हात धरून मशीनपाशी नेलं. म्हणाले, बरं झालं आलात, तुम्हालाच दाखवायचं होतं. घड्याळ आहे ना हातात? बघा.

एडिटर उघडला. घड्याळाकडे पाहायला फुरसतच मिळाली नाही.

"पहिल्यांदा उघडला हा," ते म्हणाले. "भाषांतर वगैरे काही तयार नव्हतं, आताच पुसलं मी. तुमच्याकडे पहिल्यांदाच उशीर होत होता ना? मग पहिल्यांदाच फास्ट पाहिजे."

कसं केलं, मी विचारलं.

"वजन काढलं. ते 'नाही' अन् रिकामी यादी एक करायचं होतं, ते काढलं. लायब्ररीचं गेलं. रकान्यांचं काढलं. एकेक काढत गेलो तसं हलकं होत गेलं."

"इक्बालभाईंची ती चूक?"

"ती पहिले काढली. लई जड होती ती."

मी विचारलं, मग आता याच्यावर कोणाचा जोड चालतो?

"कोणाचाच नाही," झांबरे म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. दमून घरी पोचलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता. "पण तुमच्या मशीनवर चालेल आता. सकाळी दहाला. आता बोलवा अध्यक्षांना."

अध्यक्ष कधीच वारले होते. केंद्रातल्या त्या मशिनी भंगारात गेल्या होत्या. बसमध्ये जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडाशी होती. ती बोललो असतो तर त्यांना कळलं असतं की यातलं काहीच काढायची गरज नव्हती. जे त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःच्या हातानं मोडलं, ते धडधाकट होतं. मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, छान झालंय. फार छान. तेव्हा मला वाटलं होतं की मी दया करतोय. आज मला तसं वाटत नाही. खरं ऐकण्याइतके ते भक्कम होते. ऐकवण्याइतका मी नव्हतो.

बसची वेळ झाली तसा निघालो. ते दारापर्यंत आले नाहीत, नुसता हात वर केला. फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. खिडकी उघडी होती. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते एडिटर बंद करत होते, भाषांतर पुसत होते आणि पुन्हा उघडत होते. घड्याळ माझ्याबरोबर निघून आलं होतं, म्हणून तोंडानं सेकंद मोजत होते. प्रत्येक वेळी मला रस्त्यापर्यंत 'एक' ऐकू येई. दोन म्हणायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही.